हाकेला धावून येणाऱ्याची शिकार

न्यूयॉर्क राज्याच्या मध्यभागी ‘फिंगर लेक्स’ नावाच्या लांबट सरोवरांचा पट्टा आहे. जानेवारीत तिथली मक्याची शेते कापून रिकामी झालेली असतात. बर्फातून खुंट तेवढे वर डोकावत असतात आणि कापणी यंत्रातून सांडलेले दाणे त्या बर्फाखाली पडलेले असतात. अशा एखाद्या शेताच्या कडेला, झाडांच्या रांगेत आडोसा करून पहाटेच तीन-चार मित्र बसतात. अंगावर पांढुरके कपडे, चेहऱ्यावर जाळी, हातात बारा बोअरची बंदूक. शेतात प्लास्टिकचे नकली कावळे मांडलेले असतात. काही दाणे टिपत असल्यासारखे वाकलेले, तर एक उंच फांदीवर पहाऱ्याला बसवलेला. त्या सगळ्यांपासून जरा दूर, काठीवर, नकली शृंगी घुबड. एकाच्या ओठात लाकडी शिट्टी असते, आणि जिथे नियम आड येत नाही तिथे बर्फात दडवलेला स्पीकरही असतो. आधी वाजतो तो घुबडावर तुटून पडलेल्या कावळ्यांचा कलकलाट. एक कावळा न बोलता वरून चक्कर मारून जातो, वळतो आणि ओरडतो. मग झाडांवरून काळे ठिपके उठतात आणि बघता बघता डोक्यावर येतात. बंदुका चालतात. उरलेले पांगू लागले की शिकारी आवाज बदलतो. आता वाजते ती जखमी कावळ्याची ओरड, आणि पांगलेले कावळे पुन्हा फिरून येतात. पाऊण तासाच्या आत मित्र आवराआवर करून दुसऱ्या शेताकडे निघतात, कारण एकदा फसलेले कावळे त्या जागी लवकर फसत नाहीत, हे त्यांना अनुभवाने ठाऊक असते.

हे सगळे कायदेशीर आहे. मंडळींकडे परवाना असतो, शेतमालकाची संमती असते, आणि बहुतेक जण नियम पाळणारे, कष्टाळू, घरसंसारी लोक असतात. ‘क्रूर’ हा एक शब्द उच्चारून त्यांना मोडीत काढणे सोपे आहे, पण त्याने कुणाचेच मत बदलत नाही आणि प्रश्नही जागच्या जागी राहतो. शिकार मुळातच पाप आहे, असे मी मानत नाही. अन्नासाठी हरीण मारणारा माणूस आणि कापलेली कोंबडी पिशवीतून घरी आणणारा माणूस यांत नैतिक उंची असलीच तर ती पहिल्याकडे झुकते, कारण त्याने मरण स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले असते. म्हणून कावळ्याच्या शिकारीला मी शिकाऱ्यांचीच फूटपट्टी लावणार आहे. अमेरिकेतल्या शिकाऱ्यांनी गेल्या सव्वाशे वर्षांत स्वतःसाठी काही निकष घालून घेतले, आणि त्यांचा त्यांना रास्त अभिमान आहे. हिवाळ्यातली ही हौशी शिकार त्यांतल्या महत्त्वाच्या निकषांवर उतरत नाही. शिवाय तिच्या पद्धतीतच एक गोष्ट अशी आहे, जी तिला बदकाच्या किंवा हरणाच्या शिकारीहून वेगळी आणि वाईट ठरवते. ही शिकार पक्ष्याच्या भुकेवर चालत नाही. आपल्या जातभाईच्या संकटात धावून येण्याची जी वृत्ती त्याच्यात आहे, तिच्यावर ती चालते.

आधी निकषांचे पाहू. एकोणिसाव्या शतकात बाजारात मांस आणि पिसे विकण्यासाठी अमेरिकेत पक्ष्यांची आणि प्राण्यांची अक्षरशः कत्तल झाली. ती थांबवण्यात पुढाकार घेणाऱ्यांत शिकारी होते, हे विसरता येत नाही. थिओडोर रूझवेल्ट यांनी १८८७ साली मित्रांसोबत बून अँड क्रॉकेट क्लब काढला. ‘फेअर चेस’, म्हणजे प्राण्याला निसटण्याची खरी संधी देणारा पाठलाग, ही कल्पना त्या क्लबने रुजवली. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने लांब नळीच्या बंदुका आणि दारूगोळा यांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांच्या संवर्धनाकडे वळवला. आजही राज्यांच्या वन्यजीव खात्यांचा मोठा आधार तोच आहे. या परंपरेतून ‘नॉर्थ अमेरिकन मॉडेल’ म्हणून ओळखली जाणारी तत्त्वे मांडली गेली. त्यांतले एक तत्त्व असे की वन्य प्राणी मारायचा तो योग्य कारणासाठीच: अन्न, कातडी, स्वसंरक्षण किंवा मालमत्तेचे रक्षण. गंमत म्हणून नाही. कित्येक राज्यांत मारलेल्या शिकारीचे खाण्याजोगे मांस रानात टाकून देणे हा गुन्हा आहे. हरीण घरी येते, कापले जाते, वर्षभर फ्रीजरमधून ताटात येते. बदकाचेही तसेच. कावळा मात्र बहुतेक वेळा जिथे पडला तिथेच राहतो. फार तर गोळा करून खड्ड्यात टाकला जातो. काही शिकारी कावळ्याच्या छातीचे मांस काढून शिजवतात हे खरे आहे, आणि त्यांच्याविषयी मी पुढे बोलणार आहे. पण ते अपवाद आहेत. या खेळाची रचना त्यांच्यासाठी झालेली नाही.

मग या पक्ष्याला वेगळा न्याय का? याचे उत्तर निसर्गात शोधण्यापेक्षा कायद्याच्या इतिहासात शोधलेले बरे. स्थलांतरी पक्ष्यांचे रक्षण करणारा अमेरिकी कायदा १९१८ साली झाला, तेव्हा कावळा त्यात नव्हता. तो शेतकऱ्याचा शत्रू आणि बदकांच्या अंड्यांचा चोर मानला जात होता. त्याच्या रातथाऱ्यावर स्फोटके लावून हजारोंनी मारणे हे सरकारी कामच होते. १९४० साली इलिनॉय राज्यात रॉकफर्डजवळच्या रातथाऱ्यावर डायनामाइटने तीन लाखांहून अधिक कावळे मारल्याची नोंद आहे. पुढे मेक्सिकोबरोबरच्या १९३६ च्या करारात १९७२ साली दुरुस्ती झाली आणि घुबडे, ससाणे यांच्याबरोबर काक कुळालाही संरक्षण मिळाले. पण जुनी सवय मोडली नाही. राज्यांना कावळ्यांचा शिकारी हंगाम ठरवण्याची मुभा ठेवण्यात आली. वर्षात १२४ दिवसांहून जास्त नको आणि ऐन विणीच्या काळात नको, एवढ्या प्रमुख अटी. न्यूयॉर्कने हे १२४ दिवस लांबवर पसरवण्याचा सोपा मार्ग काढला: १ सप्टेंबर ते ३१ मार्च हंगाम ठेवायचा, पण शिकार फक्त शुक्रवार ते सोमवार करायची. म्हणजे दिवसांची बेरीज मर्यादेत बसते आणि मित्रांचे सात महिन्यांचे शनिवार-रविवार हाताशी राहतात. दिवसांना मर्यादा आहे, पक्ष्यांना नाही. एका दिवसात किती मारायचे याचे बंधन तिथे नाही, आणि इतर बऱ्याच राज्यांतही नाही. शिकारीच्या कायद्याचा कणा म्हणजे ही दैनिक मर्यादा. बदकांच्या बाबतीत एकेका जातीची, कधी नर-मादीचीही वेगळी मोजदाद होते. जिथे मर्यादाच नाही तिथे कायद्याने त्या पक्ष्याला मोजण्याच्या लायकीचा मानलेले नाही, असाच त्याचा अर्थ होतो. एका हाताने संरक्षित म्हणायचे आणि दुसऱ्या हाताने वाटेल तेवढे मारा म्हणायचे, हा विरोधाभास पन्नास वर्षे तसाच चालू आहे.

शिकाऱ्यांचे पहिले उत्तर पिकांचे असते, आणि ते हसण्यावारी नेण्यासारखे नाही. कोवळा मका उपटणारे, जॉर्जियात आणि ओक्लाहोमात पिकानच्या बागा लुटणारे कावळे शेतकऱ्याचे खरे नुकसान करतात. या प्रश्नाचा एक मोठा अभ्यास अमेरिकी कृषी खात्याच्या ई. आर. काल्मबाख यांनी १९१८ साली प्रसिद्ध केला. दोन हजारांहून अधिक कावळ्यांच्या जठरांतले अन्न त्यांनी तपासले होते. प्रौढ कावळ्याच्या वर्षभराच्या आहारात वनस्पतिजन्य भाग जवळपास पाऊणपट निघाला आणि त्यात मक्याचा वाटा मोठा होता. पण हिवाळ्यात खाल्लेला बराच मका शेतात वाया गेलेला, सांडलेला होता, आणि उन्हाळ्यात तेच पक्षी पिकावरचे नाकतोडे आणि अळ्या खात होते. काल्मबाख कावळ्याचे वकील नव्हते. त्यांचा निष्कर्ष सरसकट मारण्याच्या आणि सरसकट वाचवण्याच्या मधला होता. आता जानेवारीतल्या त्या आडोशाकडे पुन्हा पाहा. तिथे टिपले जाणारे दाणे कुणाच्याही उत्पन्नात धरलेले नाहीत. शिवाय हिवाळ्यात या भागात जमणाऱ्या थव्यांत कॅनडातून उतरलेले पुष्कळ पक्षी असतात. मे महिन्यात फिंगर लेक्सच्या शेतात मका उपटणारा कावळा आणि जानेवारीत तिथे मारला जाणारा कावळा एकच असेल, याची काही खात्री नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे, ज्या शेतकऱ्याचे नुकसान होत आहे त्याला या हंगामाची गरजच नाही. पिकांची हानी करणाऱ्या कावळ्यांवर कारवाई करण्याची तरतूद संघीय नियमांत वेगळी आहे. पीकरक्षणाचे काम त्या तरतुदीने होते. हौशी हंगामाला शेतकऱ्याचे नाव देणे म्हणजे दुसऱ्याच्या गरजेच्या आडून आपली हौस भागवणे आहे.

दुसरे उत्तर अंड्यांचे. कावळे बदकांची आणि गाणाऱ्या पक्ष्यांची घरटी लुटतात, तेव्हा एक कावळा मारला की दहा पिल्ले वाचतात, असा हिशेब मांडला जातो. कावळा अंडी खातो यात वाद नाही. वाद आहे तो त्या खाण्याने इतर पक्ष्यांची संख्या घटते का, याचा. काक कुळातल्या पक्ष्यांच्या परिणामांवर झालेल्या ४२ अभ्यासांचा आढावा २०१५ साली ‘आयबिस’ या नियतकालिकात आला. त्यात तपासलेल्या ३२६ उदाहरणांपैकी ८१ टक्क्यांत भक्ष्य पक्ष्यांच्या वाढीवर किंवा संख्येवर लक्षणीय परिणाम दिसला नाही. एक भक्षक कमी झाला की त्याच्या वाटणीची अंडी बऱ्याचदा रकून, स्कंक किंवा खार खाते. उरलेल्या १९ टक्क्यांचे काय, हा प्रश्न रास्त आहे. तिथे, विशेषतः एखाद्या धोक्यात आलेल्या पक्ष्याच्या विणीच्या जागी, ठरावीक काळ ठरावीक कावळे हटवणे योग्य ठरू शकते. पण ते काम विणीच्या जागी आणि विणीच्या आधी व्हायला हवे. शेकडो मैलांवरून आलेल्या हिवाळी थव्यावर डिसेंबरात गोळीबार करून ते साधत नाही. कावळ्यांच्या समाजात स्वतःचे घरटे न करता थांबलेले बरेच तरुण पक्षी असतात, त्यामुळे एखादी जोडी गेली तरी तिची जागा फार काळ रिकामी राहत नाही.

संख्येबद्दलचा युक्तिवाद मात्र मी पूर्ण मान्य करतो. अमेरिकन कावळे काही कोटींच्या घरात आहेत. पक्षिसंवर्धकांचा अंदाज पावणेतीन कोटींच्या आसपास आहे. १९९९ साली न्यूयॉर्कमध्ये वेस्ट नाइल विषाणू आला, तेव्हा या जातीला जबर तडाखा बसला. लागण झालेला कावळा जवळपास वाचतच नाही, आणि २००७ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या अभ्यासानुसार काही प्रदेशांत त्यांची संख्या ४५ टक्क्यांपर्यंत घसरली. तरीही जात टिकली. हौशी शिकारीने ती नामशेष होणार नाही, तेव्हा ती भीती घालून युक्तिवाद जिंकण्यात अर्थ नाही. पण विपुलता हा मारण्याला अडथळा नाही, एवढेच त्यातून सिद्ध होते. मारण्याचे कारण त्यातून मिळत नाही. आणि आपण शोधत आहोत ते कारणच.

आता पद्धतीकडे येतो, कारण माझा खरा आक्षेप तिथे आहे. इथाका शहरात कॉर्नेल विद्यापीठाचे केव्हिन मॅकगोवन १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून कावळ्यांच्या पिल्लांना खुणेचे पट्टे लावून पिढ्यान्‌पिढ्या त्यांचा माग ठेवत आले. त्यातून दिसलेले चित्र असे: अमेरिकन कावळा कुटुंबात राहतो. पिल्ले मोठी झाली तरी कित्येक वर्षे आईबापांजवळ थांबतात, पुढच्या वर्षीच्या भावंडांना भरवतात, हद्दीची राखण करतात. दोन वर्षांच्या आत कुणी वीण करत नाही, आणि बरेच जण चार वर्षांच्या पुढेच स्वतःचे घरटे बांधतात. एका कुटुंबात पंधरापर्यंत पक्षी असू शकतात. सिएटलमध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाच्या जॉन मार्झलफ यांनी २००६ साली एक विशिष्ट मुखवटा घालून सात कावळे पकडले, पट्टे लावले आणि सोडून दिले. नंतर तोच मुखवटा घालून कुणीही आवारातून चालले की कावळे त्याच्यावर ओरडत तुटून पडायचे. त्यांत कधीच न पकडलेले कावळे होते, आणि घटनेनंतर जन्मलेलेही होते. धोक्याचा चेहरा एकमेकांकडून शिकला जात होता, आणि वर्षानुवर्षे लक्षात ठेवला जात होता. मार्झलफ यांच्यासोबत केली स्विफ्ट यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मुखवटा घातलेला माणूस मेलेला कावळा हातात धरून उभा राहिला. कावळे जमले, त्यांनी कल्लोळ केला, पुढचे काही दिवस त्या जागचे अन्न खायला ते बिचकू लागले, आणि तो चेहरा त्यांना सहा आठवड्यांनंतरही ओळखू आला.

ही सगळी माहिती आडोशात बसलेल्या मित्रांना वेगळ्या भाषेत आधीपासून आहे. म्हणून तर ते घुबडाचा पुतळा लावतात, एक कावळा पहाऱ्याला बसवतात, चेहरा झाकतात आणि तासाभराच्या आत जागा बदलतात. या प्रयोगांनी जे सिद्ध केले त्यावरच त्यांचे कौशल्य उभे आहे. शृंगी घुबड रात्री झोपलेल्या कावळ्यांना उचलते, म्हणून दिवसा ते दिसले की सगळ्यांनी मिळून त्याला हुसकावणे ही कावळ्यांची सामुदायिक संरक्षणाची रीत आहे. शिकारी ती हाक स्पीकरवर लावतो, आणि जे धावून येतात त्यांना मारतो. पहिल्या बारानंतर पांगलेले परत आणायला तो घायाळ कावळ्याचा आवाज लावतो. यावर कुणी म्हणेल की आवाज काढून फसवणे ही सगळ्याच शिकारीची रीत आहे. टर्कीला मादीच्या आवाजाने बोलावतात, कोल्ह्याला आणि कायोटीला सशाच्या चित्काराने. फरक आहे, आणि तो बारीक नाही. टर्की येते ती जोडीदाराच्या ओढीने, कायोटी येतो तो भुकेने. दोघेही स्वतःच्या वाट्याला काही मिळवायला येतात, आणि त्या धावण्यातली जोखीम त्यांच्या स्वभावातच आहे. कावळा येतो तेव्हा त्याला काही मिळणार नसते. दुसऱ्यावर संकट आले आहे, एवढेच त्याने ऐकलेले असते. ज्या वृत्तीमुळे त्यांचा समाज टिकून आहे, तीच त्यांना बंदुकीच्या टप्प्यात आणते, आणि जो जास्त जवळ येतो तो आधी मरतो.

यावर एक सावध आक्षेप येतो, तो जीवशास्त्राच्या बाजूने. कावळ्याच्या वागण्याला ‘मदत’ म्हणणे ही माणसाची कल्पना आहे, तो धोका ओळखून घ्यायला येतो, शत्रूला आताच हुसकावले तर उद्या तो आपल्यालाच उचलणार नाही म्हणून येतो. स्विफ्ट यांच्या प्रयोगाचा अर्थही बहुतेक संशोधक तसाच लावतात: मेलेल्याभोवती जमणे हे धोका शिकण्यासाठी असते. हे मला मान्य आहे. कावळ्याच्या मनात करुणा असते असे सिद्ध करण्याची गरज माझ्या युक्तिवादाला नाही. माणसांतही शेजाऱ्याच्या घरात चोर शिरल्यावर आपण धावतो तेव्हा आपले घर सुरक्षित राहावे हाही हेतू असतोच, आणि तरी त्या धावण्याची किंमत कमी होत नाही. महत्त्वाचे एवढेच की ही वागणूक एकट्या पक्ष्याची नाही, समूहाची आहे. ती शिकली जाते, लक्षात राहते, पुढच्या पिढीला दिली जाते. ज्या प्राण्याला एवढे समजते, त्याच्या त्या समजुतीचेच आमिष करून, खायचे नसताना, हवे तेवढे मारणे आणि त्याला खेळ म्हणणे, याला फेअर चेसच्या कोणत्या कलमात बसवायचे? याचे उत्तर कायद्यानेच एका बाजूने देऊन ठेवले आहे. बदकांच्या हंगामी शिकारीत ध्वनिमुद्रित आवाज वापरायला संघीय नियमाने बंदी आहे. कावळ्यासाठी मात्र अनेक राज्ये ती यंत्रे चालू देतात.

मग राहते ती मैत्री. कावळ्यांच्या शिकारीला जाणाऱ्यांना नीट विचारले तर पीक आणि अंडी ही कारणे ते बऱ्याचदा आपण विचारले म्हणून सांगतात. खरे कारण हे असते की हरणांचा हंगाम संपलेला आहे, बाहेर बर्फ आहे, आणि सोबत्यांबरोबर पहाटे रानात बसण्याचे दिवस अजून शिल्लक आहेत. हे कारण मला खोटे वाटत नाही, क्षुल्लकही वाटत नाही. अमेरिकेच्या लहान गावांत माणसे एकमेकांना भेटतात अशा जागा कमी होत चालल्या आहेत. थंडीत एकत्र कुडकुडणे, थर्मासमधली कॉफी वाटून घेणे, वाऱ्याची दिशा पाहणे आणि पक्षी कुठून येईल याचा अंदाज बांधणे, यांत एक शिक्षण आहे. बापाकडून मुलाकडे जाणारे निसर्गज्ञान कित्येक घरांत याच वाटेने जाते. असे मित्र घरी बसून राहिले तर निसर्गाचे भले होईल, असे मला म्हणायचे नाही. त्यांच्याइतके कावळ्याकडे बारकाईने पाहणारे लोक शहरात फारसे सापडणार नाहीत. पण मैत्रीला मोल असले म्हणून तिच्या निमित्ताने केलेल्या प्रत्येक गोष्टीला ते मोल चिकटत नाही. बंदुकीशिवाय त्या पहाटेला धार राहत नाही, हे त्यांचे म्हणणे मी ऐकतो, आणि ते खरेही असेल. पण मग त्या धारेसाठी जी शिकार शेवटी ताटात येते ती उपलब्ध आहे. न्यूयॉर्कमध्ये ससे आणि खारी यांचे हंगाम हिवाळ्यात चालू असतात. कावळाच का, हा प्रश्न मैत्रीने सुटत नाही.

मित्रांच्या आडोशातून स्पर्धा फार लांब नसते, हेही सांगायला हवे. इथाकापासून साठेक किलोमीटरवर ऑबर्न हे शहर आहे. तिथे हिवाळ्यात हजारोंच्या संख्येने कावळे शहरातल्या झाडांवर रातथाऱ्याला येतात. या शतकाच्या सुरुवातीला तिथे कावळे मारण्याची स्पर्धा भरू लागली. जास्त कावळे आणणाऱ्या संघाला बक्षीस. विरोध झाला, बातम्या झाल्या, आणि अनेक शिकाऱ्यांनाही ते लाजिरवाणे वाटले. न्यूयॉर्क राज्याने अशा स्पर्धांवर बंदी आणणारा कायदा २०२३ साली केला. शहरातल्या घाणीचा आणि आवाजाचा त्रास खरा होता, पण त्यावर दुसरे उपाय आहेत. पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर भागात मेलेल्या कावळ्यांच्या प्रतिकृती झाडांवर टांगून थवे हलवता येतात का, याच्या चाचण्या झाल्या, आणि त्या बऱ्याच यशस्वी ठरल्या. थवा मरत नाही, फक्त दुसरीकडे जातो, हे त्या उपायाचे मर्यादित यश आहे. गोळीबारानेही याहून जास्त काही साधत नाही. एका नुकसानीचा मात्र हिशेब सहसा होत नाही. पाणपक्ष्यांसाठी शिशाचे छर्रे वापरायला १९९१ पासून देशभर बंदी आहे. कॅलिफोर्नियासारखे राज्य सोडले तर कावळ्यांच्या शिकारीत शिसे सर्रास वापरता येते, आणि शेतात टाकून दिलेला कावळा कुणीतरी खातोच. ३८ राज्यांतल्या १,२१० गरुडांच्या तपासणीचा अभ्यास २०२२ साली ‘सायन्स’मध्ये आला. त्यात जवळपास निम्म्या पक्ष्यांत दीर्घकाळ साठलेल्या शिशाच्या विषबाधेच्या खुणा आढळल्या. त्यातले मुख्य शिसे हरणांच्या अवशेषांतून येते. पण छऱ्यांनी भरलेले, उचलायचे नाही म्हणून सोडून दिलेले पक्षी त्यात भर घालणार, हे उघड आहे.

परक्या देशातल्या रिवाजावर मराठीतून बोलण्याचा अधिकार काय, असे कुणी विचारू शकेल. आपल्याकडे पितृपक्षात कावळ्याची वाट पाहतात, दहाव्याच्या पिंडाला त्याने शिवावे म्हणून नदीकाठी ताटकळत बसतात, तेव्हा आपल्याला तो पक्षी पवित्र, म्हणून आपल्याला हे खटकते, असा तो आक्षेप आहे. मी त्या श्रद्धेचा आधार घेत नाही, आणि घ्यायचा म्हटला तरी आपली बाजू काही स्वच्छ नाही. ज्या १९७२ साली अमेरिकेने कावळ्याला करारात घेतले, त्याच साली झालेल्या आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पाचव्या अनुसूचीत उंदीर-घुशींच्या पंगतीला बसवले. ती अनुसूची २०२२ च्या दुरुस्तीने गेली, म्हणजे पन्नास वर्षे पिंडाला शिवणारा पक्षी कायद्याने उपद्रवी होता. आणि आपला हाच गावकावळा पूर्व आफ्रिकेत खरोखरच उपद्रवी ठरला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो झांझिबारला नेला गेला. तिथून पसरत त्याने किनाऱ्यावरच्या स्थानिक पक्ष्यांची घरटी लुटली. केनियाच्या वन्यजीव सेवेने २०२४ साली दहा लाख गावकावळे नष्ट करण्याची मोहीम जाहीर केली. त्या मोहिमेला माझा विरोध नाही. तिथे परकी जात आहे, नुकसान मोजलेले आहे, हेतू स्पष्ट आहे, आणि मारणारा त्याला करमणूक म्हणत नाही. माझा मुद्दा कावळा पवित्र आहे म्हणून उभा नाही, आणि कावळा कधीच मारू नये असाही नाही. म्हणूनच तो ऑबर्नच्या शिकाऱ्यासमोर मांडता येतो.

आणि तो मांडायचा तर त्याच्या ओळखीच्या शब्दांत मांडावा. १२४ दिवस ही संघीय नियमाने राज्यांना दिलेली मुभा आहे, सक्ती नाही. बदकांसाठी जे तिथे केव्हाच मान्य झाले आहे, तेच कावळ्यासाठी लागू करता येते: रोजची मर्यादा, ध्वनिमुद्रित हाकेला बंदी, शिशाला बंदी, आणि मारलेला पक्षी उचलून वापरण्याचे बंधन. यांपैकी एकही अट शिकारविरोधकांनी शोधलेली नाही. सगळ्या शिकाऱ्यांच्याच परंपरेतून आल्या आहेत. शेतकऱ्याची वेगळी तरतूद आहे तशीच राहील. चार-पाच कावळे मारून त्यांचे मांस खरोखर घरी नेणारा जो थोडा वर्ग आहे, त्यालाही या अटींनी काही गमवावे लागणार नाही. त्याच्याशी माझे भांडण बरेच मवाळ आहे. त्याने स्वतःच्या ओठांनी शिट्टी वाजवावी आणि जेवढे शिजवायचे तेवढे मारावेत. या अटी आल्या तर हंगाम कितीजणांसाठी उरेल, हे न्यूयॉर्कचे वन्यजीव खाते एका हिवाळ्यात तपासून पाहू शकते.